आकाशमार्गाने दूर जाताना

संत फ्रान्सिस झेवियर हे ७ एप्रिल १५४१ रोजी, म्हणजे ज्या दिवशी त्यांच्या वयास पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, लिस्बनच्या बंदरातून निघाले, आणि त्यांचे पाय गोव्याच्या भूमीला लागले ते ६ मे १५४२ रोजी. मध्ये तेरा महिने लोटले. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत मोझांबिकला सुमारे सहा महिने मुक्काम पडला. गलबतावरील माणसे आजारी पडली आणि संतांनी आपल्या प्रकृतीची पर्वा न करता त्यांची शुश्रूषा केली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या आगबोटींनी गोमंतकातील कितीतरी तरुण मुंबईहून पूर्व आफ्रिकेस नोकरीसाठी गेले. तेव्हाही प्रवासाचा हिशेब दिवसांनी आणि आठवड्यांनीच होत असे.

आज मुंबईहून निघालेला मनुष्य सुमारे दहा तासांत लंडनला, बारा तासांत मेलबर्नला आणि पंधरा-सोळा तासांत न्यूयॉर्कला उतरतो. बेळगाव-खानापूरची, गोव्याची, वडोदऱ्याची, इंदूरची, हैदराबादची आपली मुले-मुली आखाती देशांत, इंग्लंडात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. मुलीच्या बाळंतपणासाठी, नातवाच्या स्नानसंस्कारासाठी, किंवा रोम, लूर्द, फातिमा येथील यात्रेसाठी, ज्यांनी कधी जिल्ह्याची सीमा ओलांडली नव्हती अशी वडीलधारी माणसे आता समुद्र ओलांडू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अंतर कितीही तोकडे झाले, तरी देह तोच राहिला आहे. दहा-पंधरा तास एका जागी बसून राहण्यासाठी परमेश्वराने तो घडविलेला नाही, हे आपण विसरतो. म्हणूनच आज या विषयाची थोडी विस्ताराने चर्चा करावी असे योजिले आहे.

एका माउलीची हकिकत

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहणाऱ्या एका विधवा माउलीची ही हकिकत आहे. तिचे नाव येथे सांगत नाही. गावात तिला सगळे मावशी म्हणतात. वय चौसष्ट. मुलगी टोरांटोला परिचारिका आहे. तिला पहिले मूल झाले, तेव्हा मावशी एकटीच निघाली. संध्याकाळी बेळगावहून मुंबईच्या बसमध्ये बसली. रात्रभर बस, मग विमानतळावर सहा-सात तास बाकावर, मग युरोपपर्यंत साडेनऊ तासांचे एक उड्डाण, तेथे तीन तास थांबणे आणि पुढे आणखी आठ-नऊ तासांचे दुसरे उड्डाण. विमानात तिला खिडकीजवळचे आसन मिळाले होते. शेजारी दोन अनोळखी पुरुष झोपलेले. त्यांना उठवून शौचकुपाकडे जाण्याची तिला लाज वाटली. उठावे लागू नये म्हणून तिने पाणी पिण्याचेच सोडले. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून तिने आधीच्या संध्याकाळपासून निर्जळी उपवासाचा नेमही केला होता. दोन्ही उड्डाणांत मिळून ती जागेवरून एकदाच उठली.

टोरांटोला पोहोचली तेव्हा दोन्ही पाय सुजलेले होते. “प्रवासाचा शीण, दुसरे काय!” असे तीच म्हणाली. दोन दिवसांत उजव्या पायाची सूज उतरली. डाव्या पोटरीची मात्र उतरली नाही. रात्री तेथे ठणका लागे. वाताचा त्रास असेल असे मानून तिने कोणास न सांगता तेल लावून पाय चोळला. मुलगी ओली बाळंतीण, तिच्या जिवाला घोर कशाला, हा विचार. तिसऱ्या दिवशी आंघोळीचे पाणी देताना मुलीची नजर त्या पायावर गेली. पाय गरम व लालसर होता आणि दुसऱ्या पायापेक्षा स्पष्टपणे जाड दिसत होता. मुलीने त्याच घटकेस तिला रुग्णालयात नेले. तपासणीत पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी आढळली. वेळीच औषध सुरू झाले, म्हणून माउली वाचली. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर त्या घरी स्नानसंस्काराऐवजी काय घडले असते, याची कल्पनाही करवत नाही.

या हकिकतीत विमानाचा, विमान कंपनीचा किंवा अन्य कोणाचाही दोष नाही. दोष असलाच तर अज्ञानाचा आणि संकोचाचा आहे. हे दोन्ही दोष दूर करणे आपल्या हाती आहे.

विमानात देहाला काय होते

विमान साधारणतः दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जाते. तेथील हवा इतकी विरळ असते, की माणूस श्वास घेऊन जगू शकणार नाही. म्हणून विमानाच्या आत यंत्राने हवेचा दाब राखलेला असतो. परंतु तो जमिनीवरील दाबाइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जशी हवा असते तशी ती असते. उटकमंड सुमारे सव्वासात हजार फूट उंचीवर आहे. विमानात बसलेला मनुष्य जणू तितके तास उटकमंडला जाऊन बसतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही. निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही. परंतु ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस दुर्बळ आहे, ज्यांना दमा आहे किंवा ज्यांच्या अंगात रक्त फार कमी आहे, त्यांना प्राणवायूची ही थोडीशी उणीवही जाणवते. अशांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गरज पडल्यास विमानात प्राणवायूची सोय करता येते, पण त्यासाठी कंपनीस आगाऊ कळवावे लागते.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत ओलावा भरपूर असतो. दूरच्या विमानाच्या आतील हवेत तो बहुधा शेकडा वीसपेक्षाही कमी असतो. त्यामुळे ओठ फुटतात, घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, नाक आतून सुकते. ओठांना व नाकपुडीच्या कडेला थोडे मलम लावावे. डोळ्यांत कृत्रिम भिंग घालणाऱ्यांनी प्रवासात साधा चष्मा वापरावा.

तिसरी गोष्ट पोटाची. दाब कमी झाला की पोटातील वायू सुमारे तीस टक्क्यांनी फुगतो. विमानात बिस्किटांचा बंद पुडा फुगून टम्म झालेला पुष्कळांनी पाहिला असेल. आपल्या आतड्यांचेही तेच होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवसापासून हरभरा, वाटाणा, उसळी, कोबी आणि फसफसणारी पेये टाळावीत. जेवण हलके व थोडे घ्यावे. ज्यांच्या पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीवाचून विमानात बसू नये. नव्याने प्लास्टर घातलेल्या हाता-पायाविषयीही तसेच विचारून घ्यावे, कारण बंद प्लास्टरच्या आत सूज वाढून रक्तपुरवठा अडू शकतो.

पायांतील रक्ताची गोष्ट

आता ज्या विकाराने मावशीस गाठले त्याकडे वळू. पायांतील रक्ताला हृदयाकडे परत जाण्यासाठी वर चढावे लागते. हे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालतो, तेव्हा ते स्नायू शिरांना दाबून रक्त वर ढकलतात. बसून राहिल्यास हा पंप बंद पडतो. गुडघे वाकलेले असतात, आसनाची कड मांडीच्या मागे रुतते आणि रक्त साचते. साचलेल्या रक्ताची कधी कधी गुठळी होते.

ही गोष्ट विमानाने जन्माला घातलेली नाही. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव होत असताना लोक रात्र-रात्र आश्रयगृहांत कापडी खुर्च्यांवर बसून काढीत. फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू त्या काळात वाढल्याचे कीथ सिम्प्सन या डॉक्टरांच्या ध्यानी आले. त्या खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा मांडीखाली रुतत असे. पुढे १९५४ साली जॉन होमन्स या अमेरिकन शल्यवैद्यांनी विमानाच्या व मोटारीच्या लांब प्रवासानंतर गुठळी झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. याचा अर्थ असा, की दोष उंच आकाशापेक्षा फार वेळ निश्चल बसण्याचा अधिक आहे. बस, आगगाडी आणि मोटार यांनाही हेच लागू आहे. मावशीचा प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू झाला असे आपण समजतो, पण तिचे पाय बेळगावच्या बसमध्येच निश्चल झाले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावरील संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका साधारणतः दुप्पट होतो, असे त्यांत आढळले. तरीही निरोगी माणसांत हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतके अल्प आहे. पॅरिसच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांची पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतर आलेल्या दर दहा लाख प्रवाशांत सुमारे पाच जणांच्या फुप्फुसात गुठळी गेल्याचे तिच्यात दिसून आले. तेव्हा भिऊन नातवंडांचे तोंड पाहण्याचे टाळावे, असे मुळीच नाही. पण काहींना हा धोका इतरांहून अधिक असतो: पूर्वी कधी गुठळी झालेले, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भवती व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि अतिशय स्थूल माणसे. यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निघू नये.

येथे एक बारीकशी परंतु आपल्या घरांतील आया-आज्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. फार उंच माणसांप्रमाणेच, ज्यांची उंची १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वापाच फुटांपेक्षा कमी आहे, अशांनाही विमानप्रवासात गुठळीचा धोका अधिक असल्याचे संशोधनात दिसून आले आहे. कारण समजण्यास सोपे आहे. आसन त्यांच्या मापाचे नसते. पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, लोंबकळत राहतात आणि आसनाची कड गुडघ्यामागे रुतते. आपल्याकडील बहुतेक स्त्रिया या मापात मोडतात. त्यांनी आपली लहान पिशवी किंवा घडी केलेली शाल पायांखाली घ्यावी, म्हणजे गुडघे किंचित वर उचलले जातील. मात्र विमान चढताना व उतरताना पिशवी पुढच्या आसनाखाली सारून ठेवावी लागते.

उपाय सोपे आहेत

पहिला उपाय म्हणजे मधल्या वाटेलगतचे आसन मागून घेणे. खिडकीतून ढग पाहण्याची हौस नातवंडांसाठी राखून ठेवावी. वाटेलगत बसलेल्या माणसाला उठण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा उपाय हालचालीचा. बसल्या जागी टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात. घोटे दोन्ही बाजूंनी गोल फिरवावेत. गुडघा थोडा वर उचलून खाली ठेवावा. दर तासाला काही मिनिटे हे करावे, आणि जागे असताना तास-दोन तासांनी एकदा उठून विमानाच्या टोकापर्यंत चालून यावे. पट्टा बांधण्याची सूचना असेल तेव्हा मात्र उठू नये.

आपल्यासारख्यांना घड्याळाकडे पाहत बसण्याची गरज नाही, कारण आपल्याजवळ जपमाळ आहे. एका दशकाच्या वेळी टाचा-चवडे हलवावेत, दुसऱ्या दशकाच्या वेळी घोटे फिरवावेत. पाच रहस्ये पूर्ण झाली की उठून फेरी मारावी. देहाची काळजी घेतल्याने प्रार्थना उणी होत नाही. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, अशी संत पौलाची शिकवण आपण ऐकतच आलो आहोत.

तिसरा उपाय वस्त्रांचा. कमरेला, मांडीला व गुडघ्याखाली आवळणारे काही घालू नये. पाय थोडे सुजतातच, म्हणून सैल पादत्राणे वापरावीत. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे पायमोजे मिळतात. ते घोट्याशी घट्ट व वर सैल असतात. ज्यांना धोका अधिक आहे त्यांना डॉक्टर ते सुचवितात. मोजे पायाच्या मापाचेच असावेत. चुकीच्या मापाचा, वरून काचणारा मोजा उलट अपाय करतो. पायांतील धमन्यांचा विकार असलेल्यांनी, आणि मधुमेहाने पायांची संवेदना उणावलेल्यांनी, ते विचारल्याशिवाय घालू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिनसुद्धा, कोणा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. झोपेच्या गोळ्याही टाळाव्यात. त्या घेतलेला माणूस वेडावाकडा पडून सात-आठ तास हलत नाही, आणि नेमके तेच टाळावयाचे आहे.

चौथा उपाय पाण्याचा. जागे असताना तासाभराने थोडे थोडे पाणी पीत जावे. चहा-कॉफी बेताने घ्यावी आणि मद्य वर्ज्य करावे. फुकट मिळते म्हणून घेतलेला पेला उंचावर अधिक भोवतो. पाण्याचा आणखी एक गुण असा, की ते प्यायलेल्या माणसाला उठावे लागते. ज्या कारणासाठी मावशीने पाणी सोडले, त्याच कारणासाठी ते प्यावयास हवे होते! हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

उपवासाविषयीही एक शब्द. धर्मसभेने उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या निरोगी माणसांसाठीच घातला आहे. वृद्ध व आजारी माणसांवर तो बंधनकारक नाही. प्रवासासाठी नवस करावयाचाच असेल, तर एखाद्या गरिबाच्या औषधाचा खर्च करावा. निर्जळी राहून आपला देह संकटात घालू नये. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंना विचारावे.

औषधांची पिशवी

औषधे नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या पोटात गेलेली मोठी पेटी कधी कधी दुसऱ्याच गावी उतरते आणि दोन-तीन दिवस सापडत नाही. मधुमेहाचे इन्सुलिन तर कदापि मोठ्या पेटीत घालू नये. खालच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती असते, आणि गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. सर्व औषधे मूळ वेष्टनात असावीत, प्रवासाच्या दिवसांहून थोडी अधिक असावीत, आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरांनी औषधांच्या मूळ नावांसह सही करून दिलेली चिठ्ठी असावी. २००६ सालापासून पुष्कळ विमानतळांवर हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत द्रव पदार्थ नेऊ देत नाहीत. प्रवासात लागणाऱ्या औषधांना त्यातून सूट असते, पण ती तपासनीसाला दाखवावी लागतात. खोकल्याच्या व वेदनेच्या काही औषधांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. तेथे जाणाऱ्याने आधी चौकशी करावी. कोणी शेजाऱ्यासाठी म्हणून दिलेली औषधांची पुडी तर मुळीच घेऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत आपली स्वयंपाकातली खसखसदेखील निषिद्ध आहे, हे लाडू-वड्या बांधून देणाऱ्या मातांनी ध्यानात ठेवावे.

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे जाताना आखूड होतो. त्यामुळे इन्सुलिनच्या व गोळ्यांच्या वेळा बदलतात. हा हिशेब मनाने न करता निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा. साखर एकाएकी उतरल्यास जवळ असावी म्हणून गोड गोळ्या किंवा बिस्किटे खिशात ठेवावीत.

कान, मुले आणि गर्भवती

विमान उतरू लागले की कानांत दडे बसतात. कानाच्या आतून घशाकडे जाणारी एक बारीक नळी असते. तिच्यातून हवा आत-बाहेर झाली की दाब सारखा होतो. गिळल्याने, जांभई दिल्याने, गोळी चघळल्याने ती नळी उघडते. तेवढ्याने भागले नाही, तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हळू फुंकावे. जोर करू नये. तान्ह्या मुलांना हे सांगून कळत नाही. म्हणून विमान उतरत असताना मातेने त्यांना पाजावे. विमानात मूल रडू लागले की आसपासची माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्या वेळी त्या मातेस दोन गोड शब्द बोलावेत आणि पिशवी धरू लागावी. भयंकर सर्दी झाली असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.

गर्भवती स्त्रियांकडे बहुतेक कंपन्या अठ्ठावीस आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागतात, आणि छत्तिसाव्या आठवड्यानंतर त्यांना दूरच्या प्रवासास घेत नाहीत. जुळे असल्यास ही मर्यादा आणखी अलीकडची असते. नियम कंपनीगणिक निराळे असल्याने तिकिटाच्या वेळीच विचारावे.

विमानात सर्वांचा श्वास एकत्र कोंडलेला असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. आजच्या मोठ्या विमानांत आतील हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते आणि पुन्हा फिरवली जाणारी हवा अतिशय बारीक गाळण्यांतून जाते. खरा संसर्ग बहुधा जवळच्या खोकणाऱ्या शेजाऱ्याकडून आणि आपल्याच न धुतलेल्या हातांवरून होतो. जेवणापूर्वी हात धुवावेत, आणि स्वतःला खोकला असेल तर तोंडावर मुखपट्टी बांधावी. हाही शेजारधर्मच होय.

दिवस-रात्रीची उलथापालथ

हिवाळ्यात टोरांटोचे घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागे असते. तेथे दुपार झाली की येथे मध्यरात्र झालेली असते. प्रत्येक देहात दिवस-रात्रीचे एक आतले घड्याळ असते. ते कसे चालते याच्या शोधासाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ विमानाच्या वेगाने फिरत नाही. ते दिवसाकाठी सुमारे तासाभरानेच सरकते. म्हणून पोहोचल्यावर पहिले काही दिवस भलत्या वेळी झोप येते, भलत्या वेळी भूक लागते आणि जीव उदास होतो. पूर्वेकडे जाताना हा त्रास पश्चिमेकडे जाण्यापेक्षा बहुधा अधिक होतो. टोरांटोहून घरी परतणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

यावर उत्तम औषध सूर्यप्रकाश हेच आहे. दिवसा घराबाहेर उजेडात फिरावे. जेवण तेथील वेळेवरच घ्यावे. दुपारी फार झोप आली तर अर्धा तास पडावे, अधिक नाही. आपल्या खेड्यांत ख्रिस्तमंदिराची घंटा सकाळी, मध्यान्ही आणि सायंकाळी ‘एंजेलस’च्या प्रार्थनेसाठी वाजते. परक्या देशी घंटा ऐकू आली नाही, तरी तेथील सकाळ, मध्यान्ह व सायंकाळ पाहून ती प्रार्थना करावी. मनाबरोबर देहही त्या देशाच्या दिवसाला लवकर रुळतो.

मुला-मुलींना दोन शब्द

परदेशी राहणाऱ्या मुला-मुलींनी आई-वडिलांचे तिकीट काढताना केवळ भाड्याकडे पाहू नये. शंभर-दोनशे डॉलर वाचविण्यासाठी तीन ठिकाणी विमान बदलावयास लावणे हे शहाणपण नव्हे. वाटेलगतचे आसन तिकिटाबरोबरच ठरवावे. मधुमेह्यांचे किंवा पथ्याचे जेवण आगाऊ सांगावे. विमानतळावर लांब चालवत नसेल, तर चाकांच्या खुर्चीची मागणी तिकिटाच्या वेळीच नोंदवावी. ही सोय विनामूल्य मिळते. तिच्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. बसच्या रात्रीनंतर लगेच विमान नको. निदान एक रात्र मुंबईस, मोपाला किंवा जेथून विमान सुटणार त्या गावी नातेवाइकांकडे आडवे पडून झोपता येईल, असे पाहावे.

आई-वडील पोहोचल्यावर त्यांच्या पायांकडे पाहावे. दोन्ही पाय सारखे सुजले असतील आणि एक-दोन दिवसांत सूज उतरत असेल, तर भिण्याचे कारण नाही. परंतु एकच पाय अधिक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, तर तेल लावून चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि आपण विमानाने आलो हे त्यांना आवर्जून सांगावे. छातीत एकाएकी कळ आली, दम लागला, खोकल्यातून रक्त पडले किंवा घेरी आली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात, हे ध्यानात असू द्यावे. आणि वडीलधाऱ्यांनीही, मुलांच्या जिवाला घोर नको म्हणून दुखणे लपवू नये. लपविलेल्या दुखण्याचा घोर शेवटी सगळ्या घरालाच लागतो.

परतीचा प्रवास

लोरेतोच्या पवित्र मरियेला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली विमानचालकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. नाझरेथचे घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेतोला आणले, अशी जुनी श्रद्धा आहे. तिचा सण १० डिसेंबरला येतो. घर सोडून दूर जाणाऱ्यांनी घराच्याच त्या मातेचा धावा करावा, हे किती यथार्थ आहे!

मावशी चौथ्या आठवड्यात नातीच्या स्नानसंस्काराला ख्रिस्तमंदिरात उभी राहिली. पाच महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी व औषधे घेऊन ती परत निघाली, तेव्हा मुलीने तिला वाटेलगतचे आसन घेऊन दिले होते आणि पायांत मापाचे मोजे होते. आनंदाची, प्रकाशाची, दुःखाची आणि गौरवाची अशी वीसही रहस्ये तिने त्या प्रवासात पूर्ण केली, आणि प्रत्येक पाच रहस्यांनंतर उठून फेरी मारली. चौथ्या फेरीला विमानसेविकेने काळजीने विचारले, “आजी, काही हवे आहे का?” मावशीने पेला पुढे केला आणि म्हणाली, “पाणी दे, बाळ.”